जिप्सी किंगला एसी बसवला, त्याचा पूर्ण हिशेब

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. जुन्या मारुती जिप्सीला एसी बसवता येतो, तो चंद्रपूरच्या मे महिन्यातसुद्धा काम करतो, आणि व्यवस्थित केलेल्या कामाला सत्तर हजारांच्या आसपास खर्च येतो. या सत्तरातले दहा-बारा हजार मात्र एसीचे नाहीतच. ते गाडीच्या फटी बुजवायला आणि छताला, फरशीला अस्तर लावायला लागतात. कोणी तेवढे वाचवायला सांगत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

गाडी २००६ ची जिप्सी किंग, फायबरच्या हार्डटॉपची. १२९८ सीसीचं सोळा वॉल्व्हचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन, ताकद ८० बीएचपी. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून आरसी पुढे वाढवून घेतली आहे. जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली आणि बंद होईपर्यंत कंपनीनं तिला ना एसी दिला ना पॉवर स्टिअरिंग. सैन्याला, पोलिसांना, जंगल खात्याला या गाडीकडून जे हवं होतं त्यात गारवा नव्हता. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर उभ्या असलेल्या सफारीच्या जिप्सी तर वरून उघड्याच. त्यामुळे 'जिप्सीला एसी' म्हटलं की आमच्याकडे लोक आधी चमकून बघतात.

मी जनावरांची डॉक्टर. मूल, सिंदेवाही, नागभीड, इकडे भद्रावती, वरोरा, चिमूर असा माझा फिरता धंदा. जिप्सी हौसेसाठी नाही घेतली. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर साधी कार दहा मिनिटांत पोटावर बसते. जिप्सी फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून निघून जाते. अडलेली गाय रात्री दोनला रस्ता बघत नाही. पण माझ्या कामाचा सगळ्यात धावपळीचा काळ पावसाळ्यात नाही, पावसाच्या आधी असतो. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पाऊस पडायच्या आत टोचून व्हायला हव्यात. म्हणजे मे महिना, म्हणजे नवतपा, म्हणजे ४५-४६ अंश. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. ती बर्फाच्या पेटीत असते हे खरं, पण पेटीभोवतीची गाडी ५० अंशांवर तापली असेल तर सकाळी भरलेला बर्फ दुपारी दोनलाच पाणी होतो. मग एखाद्या पानठेल्यावर बर्फाची लादी फोडून मागायची. पेटी घेऊन मागे बसणारे आमचे भाऊ, माझे सहायक, डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसायचे. माझ्या डाव्या हाताला बर्फाच्या पाण्याची बाटली, उजवीकडे उघडी खिडकी आणि तिच्यातून भट्टीसारखी झळ. पडोलीहून घुग्घुसच्या बाजूला गेलं की त्या झळेत कोळशाची धूळ. संध्याकाळी तोंड धुतलं की पाणी काळं.

गाडी विकून नवी घ्या, हा सल्ला मला पुष्कळांनी दिला. २०२३ साली मारुतीची पाच दारांची जिम्नी आली तेव्हा शोरूमची किंमतच पावणेतेरा लाखांपासून सुरू होत होती. माझी जिप्सी उत्तम चालते, गंज नाही, गिअरबॉक्स शांत आहे. सत्तर हजारांत जे होतं त्यासाठी तेरा लाख घालायचं मला पटलं नाही.

मग दुकानं बघायला लागले. चंद्रपुरात एसीवाले आहेत, पण ते बोलेरो, पिकअप, ट्रकच्या केबिन अशी कामं करतात. जिप्सी म्हटलं की 'करून टाकू' एवढंच उत्तर. एकानं मारुती ८०० चा जुना कॉम्प्रेसर दाखवला आणि एका दिवसात ३८ हजारांत गाडी देतो म्हणाला. कंडेन्सर कुठला, पंखा किती अँपिअर खातो, अल्टरनेटर पुरेल का, यावर त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या एकानं छतावर बसणारा बारा व्होल्टचा विजेवर चालणारा एसी सुचवला, ट्रकवाले थांब्यावर झोपायला वापरतात तसा. तो एकटाच पन्नास-साठ अँपिअर ओढतो. जिप्सीच्या मूळ अल्टरनेटरची सगळी कमाई तेवढीच असते, आणि छतावर तीस किलो ठेवून मला उतारावर तिरपं जायचं नव्हतं. ट्रकवाल्यांचं निघालं म्हणून सांगते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. घुग्घुसच्या रस्त्यावर दुपारी बारा वाजता कोळशाचे ट्रक रांगेत उभे असतात. त्यांचे ड्रायव्हर स्टिअरिंगवर ओलं फडकं टाकून बसलेले मी वर्षानुवर्षं बघितलेत. त्यांच्यासाठी हा नियम फार आधी यायला हवा होता.

शेवटी काम नागपुरात केलं, कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे. दुकानाचं नाव देत नाही, कारण मिस्त्रींनीच तसं सांगितलंय. हाताखाली दोन पोरं आणि जागा तीन गाड्यांची. रांग लागली तर काम बिघडतं म्हणतात. हा आढावा त्यांच्या कामाचा आहे आणि त्यात काय काय पडतं याचा. तुमच्या गावातल्या माणसाला हेच प्रश्न विचारा.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडलंच नाही. आत बसले, दारं लावली, खिडक्या वर केल्या आणि एका पोराला धूळ उडवायचा ब्लोअर घेऊन बाहेर उभं केलं. त्यानं वायपरच्या खालच्या जाळीवर आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, हवेचा झोत सोडला. आत मिस्त्री हातात पेटलेली उदबत्ती घेऊन एकेक भोक शोधत होते. धूर सरळ वर जात असला की पुढे सरकायचं. आडवा वळला की खडूनं खूण. क्लचची केबल येते तिथं खूण, ॲक्सिलरेटरच्या केबलपाशी खूण, स्टिअरिंगच्या दांड्याभोवती मोठी खूण. गिअर आणि ट्रान्सफर केसच्या (फोर व्हील लावायच्या) दोन दांड्यांचे रबरी बूट फाटलेले, तिथं तर धूर पंख्यासमोर धरल्यासारखा पळाला. दोन्ही दारांचे खालचे कोपरे, मागच्या दाराची बीडिंग, वायरिंगची ग्रोमेटं. तासाभरात गाडीच्या आतून पांढऱ्या खडूची नक्षी झाली. मग म्हणाले, "मॅडम, हवा कुठून येऊन राहिली ते आधी पाहू. डबा बंद झाला तर गार होते. नाही तर तुम्ही कामठी रोड गार करून राहिले."

सुरुवात अशी करणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. त्याच क्षणी काम त्यांना द्यायचं ठरवलं.

आता यंत्राबद्दल. जिप्सी किंगचं एमपीएफआय इंजिन आणि मारुती एस्टीमचं इंजिन एकाच घराण्यातलं, जी १३ बीबी. एस्टीमला कंपनीचा एसी होता. त्यामुळे कॉम्प्रेसर धरून ठेवणारं ब्रॅकेट आणि पट्ट्यासाठी जादा खाच असलेली क्रँक पुली एस्टीमची मिळते, जुन्या बाजारात. एस्टीमचं इंजिन आडवं बसतं, जिप्सीचं उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत. म्हणून ब्रॅकेट जसंच्या तसं बसलं नाही. लेथवर त्याचा एक कान घासून कमी केला आणि पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरसाठी पट्टी जोडली. हे काम माझ्यासमोर झालं. पुल्या एका रेषेत आहेत का हे मिस्त्रींनी लोखंडी सरळपट्टी लावून बघितलं आणि दोन वॉशर घालून पुन्हा बघितलं. पट्टा तिरपा धावला की तो किंचाळतो आणि लवकर दोरे सोडतो. माझा पट्टा दुसरा उन्हाळा संपत आला तरी पहिलाच आहे.

ब्रॅकेट आणि पुली जुनी चालते, कॉम्प्रेसर जुना घेऊ नये. भंगारातला कॉम्प्रेसर किती महिने उघड्या तोंडानं पडला होता, आत ओल आणि लोखंडाचा कीस किती आहे, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तो कीस पुढे सगळ्या पाइपांत फिरतो. मी सुब्रोसचा नवीन घेतला, एस्टीमसाठीचा, १४,५०० रुपये. मारुतीच्या गाड्यांच्या एसीचे भाग ही कंपनी वर्षानुवर्षं पुरवत आली आहे, त्यामुळे उद्या क्लच किंवा सील बदलायचं झालं तर वणी-वरोऱ्यालाही मिळेल. जुन्या जीपगाडीत हा विचार आधी करायचा. आयात केलेला भारी माल बसवून गाडी पंधरा दिवस सुट्या भागाची वाट बघत उभी राहिली तर काय उपयोग?

कंडेन्सर हा या कामाचा दुसरा जीव. गॅसनं आतली उष्णता उचलली, ती बाहेर टाकायची जागा म्हणजे कंडेन्सर. बाहेर ४५ अंश असताना ती टाकायची तर कंडेन्सर त्याहून बराच गरम व्हायला लागतो आणि त्यावरून हवा जोरात जायला लागते. जुन्या पद्धतीचा नागमोडी एका नळीचा कंडेन्सर स्वस्त मिळतो, तो आपल्या उन्हाला पुरत नाही. पॅरलल फ्लोचाच, म्हणजे शेजारी-शेजारी अनेक नळ्यांचाच मागा. जिप्सीच्या ग्रिलमागे रेडिएटरपुढे जेवढा मोठा बसेल तेवढा मिस्त्रींनी बसवला आणि त्याच्यापुढे विजेचा पंखा. इंजिनाचा स्वतःचा पंखा आहे, पण गाडी उभी असताना तो हळू फिरतो. रेडिएटरही आतून साफ करून घेतला. पुढे गरम कंडेन्सर आला की रेडिएटरला आधीपेक्षा गरम हवा मिळते. जुना गाळ असेल तर तापमानाचा काटा पहिल्याच घाटात वर जातो. माझा काटा निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबतो, तोही फक्त लो रेंजमध्ये हळू चढताना.

या विजेच्या पंख्याला मी वेगळं बटण मागितलं आणि तुम्हीही मागा. नाल्यातून पाण्यात उतरताना फिरतं पातं पाण्यात शिरलं की वाकतं किंवा तुटतं. पाण्याआधी बटण बंद, एसी बंद, पलीकडे चढून थोडं थांबून मग चालू. साध्या कारच्या एसीवाल्याला हे सुचणार नाही. त्याच्या गाड्या नाल्यात उतरत नाहीत.

कूलिंग कॉइल आणि ब्लोअर एकाच डब्यात, डॅशबोर्डखाली टांगलेलं युनिट, गार हवा बाहेर सोडणाऱ्या चार जाळ्यांचं. ९,००० रुपये. मूळ डॅशबोर्ड फोडून आत बसवायचा पर्याय होता, पण तो मला नको होता. डॅश एकदा कापला की खडखड कायमची, आणि जिप्सीचे चांगले डॅशबोर्ड आता मिळत नाहीत. टांगलेल्या युनिटचा तोटा उघड आहे. डावीकडे बसणाऱ्याचे गुडघे त्याला लागतात. पावणेसहा फुटांचा माणूस असेल तर सीट एक खाच मागे घ्यावीच लागते. शिवाय हे युनिट आतलीच हवा फिरवतं, बाहेरची घेत नाही. लांबच्या प्रवासात अधूनमधून काच दोन बोटं उघडावी, नाहीतर डोकं जड होतं.

एक मागणी मी स्वतःहून केली होती. एका जाळीतून लवचीक नळी काढून ती समोरच्या काचेच्या खालच्या फटीला जोडून द्या. मिस्त्री म्हणाले, होते. नळीचे तीनशे रुपये लागले. उन्हाळ्यासाठी एसी घेतला, पण जुलैत त्या नळीनं जे काम केलं ते मला उन्हाळ्यातल्या गारव्याइतकंच मोलाचं वाटतं. पावसात जिप्सीची काच आतून अशी धुकटते की एका हातानं पुसत एका हातानं चालवावं लागायचं, आणि जंगलातल्या रस्त्यावर समोर रानडुक्कर कधी येईल सांगता येत नाही. आता नळीचं झाकण उघडायचं, कोरडी हवा काचेवर जाते, मिनिटभरात काच स्वच्छ. रात्रीच्या व्हिजिटची माझी निम्मी भीती त्यानं गेली.

वीज हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. ब्लोअर पूर्ण वेगात बारा-तेरा अँपिअर, कंडेन्सरचा पंखा दहाच्या आसपास, कॉम्प्रेसरचा क्लच तीन-चार. त्यात रात्रीचे हेडलाइट आणि पावसातले वायपर धरा. मूळ अल्टरनेटर इंजिनाच्या मंद फिरण्यावर हे पेलत नाही. बॅटरी हळूहळू रिकामी होते आणि कुठल्या तरी वाडीत सेल्फ टकटक करतो. ७० अँपिअरचा अल्टरनेटर ६,५०० रुपयांत बसवला. प्रत्येक मोठ्या भाराला वेगळा रिले, वेगळा फ्यूज, तारा नालीदार पाइपातून. हे बघायला बॉनेट उघडून बॅटरीपाशी नजर टाका. काळी टेप गुंडाळलेले जोड दिसले तर ते काम परत करायला लावा.

पाइप नवीन, आर १३४ ए गॅससाठीचे बॅरिअर होज, गाडीवर मापून तिथंच दाबयंत्रावर फिटिंग बसवलेले. साधा रबरी पाइप हा गॅस हळूहळू झिरपू देतो. जोडांत हिरव्या ओ-रिंगा. ओल शोषणारी ड्रायर बॉटल आणि गॅस बेतानं सोडणारा एक्स्पान्शन वॉल्व्ह नवीन, दाबाचा स्विच लावलेला, म्हणजे गॅस कमी झाला किंवा दाब धोक्याच्या वर गेला तर कॉम्प्रेसर आपोआप सुटतो. गॅस भरण्याआधी नायट्रोजन दाबून प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. मग पाऊण तास व्हॅक्यूम पंप, आणि पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते बघत बसलो. या अर्ध्या तासात मिस्त्रींनी चहा मागवला, पण नजर मीटरवर. गॅस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून भरला, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. 'बुडबुडे दिसेनात झाले की थांबतो' असं सांगणारे भेटतील. या गॅसला तो नियम लागू पडत नाही, जास्त भरला जातो आणि उन्हात दाब चढतो. आणखी एक. बाजारात आर १३४ ए चं नाव लावलेले स्वस्त डबे मिळतात, त्यात पेटणारे गॅस मिसळलेले असतात. सीलबंद सिलिंडर आपल्यासमोर उघडायला सांगा. पेट्रोलच्या गाडीत बॉनेटखाली असा गॅस गळणं म्हणजे जिवाशी खेळ.

त्या दुपारी बाहेर ४३ अंश होते. मीटरवर गॅसचा दाब लो साइडला ३५ ते ४० आणि हाय साइडला २७० पीएसआयच्या आतबाहेर. आपल्या हवेत हे आकडे उत्तम आहेत.

लसीच्या पेटीसाठी माझ्याकडे तारेच्या टोकाला सेन्सर असलेलं थर्मामीटर असतं. तेच मी जाळीत खोचलं. लसीकरण तोंडावर आलं होतं आणि गाडी आठवडाभर नागपुरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून काम दोन टप्प्यांत ठरलं होतं: आधी एसी आणि मोठ्या फटी, अस्तर नंतरच्या फेरीला. त्यामुळे दोन्ही स्थितींतले आकडे माझ्याकडे आहेत. बाहेर ४४, गाडी साठच्या वेगानं चालू, जाळीतून येणारी हवा १२ अंश. म्हणजे यंत्र आपलं काम पूर्ण करत होतं. पण अर्ध्या तासानंतर माझ्या खांद्याशी गाडीतलं तापमान ३५. चेहऱ्यावर गार, पाठीला घाम, आणि टाचांखाली फरशी तापलेली.

मग अस्तर झालं. छताला आतून काळ्या नायट्राइल रबरचा फोम, बोटभर जाड. फरशीवर आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर आधी डांबरी शीट, वर तोच फोम, वर रबरी मॅटिंग. दारांच्या पत्र्याच्या आतून शीट, चारही बाजूंना नवी बीडिंग, दांड्यांना नवे बूट. हार्डटॉप बाहेरून पांढरा रंगवला. सगळे मिळून ११,००० रुपये. कॉम्प्रेसर तोच, गॅस तेवढाच, जाळीतली हवा तीच १२ अंश. आणि खांद्याशी २८. ३५ आणि २८ यांत काय फरक आहे हे ज्यानं वरोरा ते चंद्रपूर भर दुपारी गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको. शिवाय गिअरबॉक्सचा आवाज इतका उतरला की भाऊ मागून काय म्हणतात ते आता पहिल्यांदा ऐकू येतं. सॉफ्टटॉप कापडाची जिप्सी असेल तर हे २८ विसरा. कापड उन्हात तापतं आणि झिपांतून हवा येत राहते. आधी हार्डटॉप बघा, मग एसी.

उभ्या गाडीत मात्र गारवा कमी होतो. रेल्वे फाटकापाशी थांबलं की जाळीतली हवा १८ पर्यंत चढते. इंजिन मंद असलं की कॉम्प्रेसर मंद, आणि मागच्या ट्रकची गरम हवा कंडेन्सरवर. एसी लावला की इंजिन दबून बंद पडू नये म्हणून आयडल-अपचा सोलेनॉइड बसवला आहे. आयडल ८५० वरून हजाराच्या जवळ जातो. तो नसेल तर गाडी सिग्नलला थरथरते. ताकद जाणवण्याइतकी कमी होते. कॉम्प्रेसर तीन ते पाच अश्वशक्ती खातो, आणि ८० मधून तेवढी गेली की हायवेवर ओव्हरटेक करताना आधी विचार करावा लागतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर सोडून देणारा छोटा स्विच पॅडलखाली आहे, त्यामुळे ऐन वेळी जोर मिळतो. पेट्रोल अकराच्या सरासरीवरून साडेनवाच्या आसपास आलं. मला ते मान्य आहे.

कटकटी झाल्या, त्याही सांगते. पहिल्या पावसाळ्याच्या तोंडाशी गारवा कमी झाला. खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी कंडेन्सरकडचा एक जोड सैल होऊन गॅस गळला होता. दुकानानं ओ-रिंग बदलून, पाइपाला रबरी क्लॅम्प घालून, गॅस पुन्हा भरून दिला, एक रुपया घेतला नाही. बिलावर पेनानं सहा महिन्यांची हमी लिहिली होती ती पाळली. पण क्लॅम्प पहिल्यापासून असायला हवा होता. जीपगाडीच्या पाइपाला दर फूटभरावर आधार द्यायला सांगा. दुसरी कटकट कूलिंग कॉइलच्या पाण्याची. निचऱ्याची नळी थोडी वर उचलली गेली होती. डावीकडे झुकलेल्या बांधावर गाडी उभी केली की पाणी बाहेर जाण्याऐवजी डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायावर. नळीला उतार देऊन ती फरशीतून सरळ खाली काढली, थांबलं.

देखभाल अवघड नाही. काळी माती कंडेन्सरच्या जाळीत वाळली की सिमेंट होते. ओली असतानाच बागेच्या साध्या नळीनं, रेडिएटरच्या बाजूनं पुढे अशी धुवायची. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जाळीवर मारू देऊ नका, पाती आडवी होतात आणि हवा जायची बंद होते. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा पाच मिनिटं एसी चालवायचा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहतं. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी एसीची किंमत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये दाखवून हप्ता भरा. बिल जपून ठेवा.

एसीचं बिल ६१,३०० रुपये झालं, त्यात ९,००० मजुरी. अस्तराचे ११,००० धरून ७२,३००. याच्यापेक्षा वीस हजारांनी कमी सांगणारा भेटला तर कॉम्प्रेसर जुना आहे का, अल्टरनेटर धरलाय का आणि गॅस मोजून भरणार का, एवढं विचारा. फरक कुठे आहे ते लगेच कळेल. रोज शंभर-दीडशे किलोमीटर उन्हात फिरणाऱ्याला मी हे काम डोळे मिटून करा म्हणेन. रविवारी फार्महाऊसला जाणाऱ्यानं आधी नुसतं अस्तर आणि बीडिंग करून बघावं. अकरा हजारांतच गाडी बरीच सुसह्य होते.

लसीची पेटी आता माझ्या सीटमागे फरशीवर, जाळीतल्या हवेच्या वाटेत असते. सकाळचा बर्फ संध्याकाळी परत येताना खडा शिल्लक असतो आणि थर्मामीटर दिवसभर पाचच्या आसपास. पानठेल्यावर बर्फ मागणं बंद झालं.

या कामाची एकच उणीव मला मनापासून खटकते. मागच्या आडव्या बाकांवर गारवा अर्धाच पोचतो. पुढे २८ असताना मागे ३२, आणि तिथं भाऊ बसतात. सध्या दोन सीटांच्या मध्ये बारा व्होल्टचा छोटा पंखा लावून गार हवा मागे ढकलली आहे, त्यानं थोडं बरं झालं. मिस्त्रींनी मागच्या बाजूला दुसरी छोटी कूलिंग कॉइल बसवायचे १२,००० सांगितलेत. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर तेवढा भार घेतील, गॅस थोडा वाढवावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारीत गाडी पुन्हा नागपूरला नेणार आहे. बसवल्यावर मागचं तापमान इथेच लिहीन.